सणांची सवलत आणि दुकानाचा ताळेबंद

रमजानच्या अखेरच्या दिवसांत हैदराबादेतील चारमिनार, मदिना आणि पथ्थरगट्टी परिसरातील बाजार रात्रभर जागा असतो. शेरवानी आणि कुर्ता-पायजम्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीतून दुकानदाराच्या हाती किती उरणार, हे मात्र बरेच आधी ठरलेले असते. माल किती भरावा, सवलत कशावर द्यावी आणि ती केव्हा थांबवावी, हे तीन निर्णय त्यात मोलाचे ठरतात. चतुर्थी, दिवाळी आणि नाताळावर वर्षाची भिस्त ठेवणाऱ्या गोव्यातील कापड व्यावसायिकांपुढेही हेच प्रश्न असतात.

पहिला प्रश्न दिनदर्शिकेचा. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, तर २०२५ मध्ये ३१ मार्चला आली. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि त्यात अधिक मास नसतो. त्यामुळे सुमारे ३३ वर्षांत ईद सर्व ऋतूंतून फिरून येते आणि कापडाची निवडही ऋतूनुसार बदलावी लागते. आपल्याकडे नरकचतुर्दशी २०२५ मध्ये २० ऑक्टोबरला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती ८ नोव्हेंबरला येते. नाताळ तेवढा स्थिर. म्हणूनच मागील वर्षाच्या विक्रीशी तुलना करताना महिना न पाहता सणाला किती दिवस उरले होते, ते पाहावे.

दुसरा प्रश्न सवलतीच्या वेळेचा. शेरवानी शिवायला वेळ लागतो. सण जवळ येताच शिंप्यांचे हात अपुरे पडतात. अशा वेळी शिलाईवरील सवलत सुरुवातीच्या आठवड्यांत दिल्यास काम विभागले जाते. सणाच्या तोंडावर येणारा ग्राहक खरेदी करणारच असतो. त्याला हवे असते योग्य माप आणि वेळेवर मिळणारा कपडा. याउलट, आषाढात तेलुगू कुटुंबांत लग्नकार्ये होत नाहीत. त्या मंदीत हैदराबादेतील दुकाने ‘आषाढम’ सवलती जाहीर करतात आणि पडून राहिलेला माल मोकळा करतात.

सवलतीची खरी किंमतही मांडून पाहावी. ६०० रुपयांना घेतलेला सदरा १,००० रुपयांना विकल्यास ४०० रुपये सुटतात. वीस टक्के सवलत दिली की २०० रुपयेच उरतात. पूर्वीइतकाच नफा मिळवण्यासाठी दुप्पट सदरे विकावे लागतात.

यात कराचाही भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिनग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के, तर त्यावरील कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. करापूर्वी २,६०० रुपये किमतीचा कुर्ता ग्राहकाला ३,०६८ रुपयांना पडतो. शंभर रुपये सवलत देऊन ती किंमत २,५०० रुपयांवर आणली, तर तोच कुर्ता २,६२५ रुपयांना मिळतो. दुकानदाराने शंभर रुपये सोडले. ग्राहकाचे ४४३ रुपये वाचले. विक्रीच्या वेळी दिलेली सवलत बिलात स्पष्ट नोंदवली, तरच ती करपात्र मूल्यातून वजा होते, हे लक्षात ठेवावे.

शेवटचा मुद्दा विश्वासाचा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्राने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ज्या किमतीची जाहिरात केली त्या किमतीला देण्याइतका पुरेसा माल असणे अपेक्षित आहे. फलकावर ‘५० टक्क्यांपर्यंत’ असे लिहून आत चारच सदरे ठेवणाऱ्याकडे ग्राहक पुढच्या सणाला वळत नाही. लहान शहरांत तर अशी गोष्ट दुसऱ्या दिवशीच सर्वांना कळते. सवलत थोडी असली तरी चालेल. ती खरी असावी आणि तिचा हिशेब दुकानदाराने दार उघडण्यापूर्वीच केलेला असावा.