घर पाण्यावर, ध्यान वाऱ्यावर

मृगाचा पाऊस तोंडावर आला की आपल्या कोकणातले कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. खवळलेल्या दर्याशी झुंज घ्यायची नाही, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण. पण वाचकहो, ज्यांची होडी हेच घर, त्यांनी वादळाच्या दिवसांत काय करावे? अशी कुटुंबे जगात आहेत. आभाळाकडे डोळे लावून जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांची हकिकत जरूर ऐकावी.

वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू ज्या बेटांवरून येतात, ती बेटे कॅरिबियन समुद्रात आहेत. तिथे दहा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकांवर नवरा-बायको, मुलेबाळे वर्षानुवर्षे राहतात. चूल, बिछाना, मुलांची शाळा, सारे काही नौकेतच. वीज उन्हावर मिळवायची. पिण्याचे पाणी जपून वापरायचे आणि पाऊस आला की ताडपत्री ताणून टाकी भरून घ्यायची. नौका एका जागी ठेवायला लोखंडी नांगर असतो. आपला नांगर जमीन उकरतो, तर त्यांचा नांगर समुद्राच्या तळात रुतून साऱ्या घराला धरून ठेवतो.

तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने फार धोक्याचे. समुद्राचे पाणी २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापले की वाफेतून वादळाला बळ मिळते. वारा ताशी ११९ किलोमीटरवर गेला की त्या वादळाला ‘हरिकेन’ म्हणतात. जून २०२० मध्ये अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच जातीचे. एक हिशेब ध्यानात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो आणि वेग तिप्पट झाला की जोर नऊपट!

म्हणून ही मंडळी हंगाम सुरू होण्याआधीच दक्षिणेकडे निघतात. विषुववृत्ताच्या जवळ वादळाला फिरकी मिळत नाही, त्यामुळे ग्रेनाडा आणि त्रिनिदाद ही दक्षिणेची बेटे त्यांना त्यातल्या त्यात निर्धास्त वाटतात. कित्येक जण नौका जमिनीवर चढवून पट्ट्यांनी करकचून बांधून ठेवतात. जे पाण्यातच राहतात, ते रोज हवामानाचा अंदाज ऐकतात. वादळ उठले की अमेरिकेतील मायामीचे केंद्र दर सहा तासांनी त्याची खबर देते.

वादळ येणार असे दिसले की नौका कांदळवनाच्या खाडीत आत न्यायची. सारी शिडे उतरवायची, कारण गुंडाळलेले शीडही वारा फाडून उघडतो. दोन-तीन नांगर टाकायचे. कांदळाच्या मुळांना चोहोबाजूंनी दोर बांधायचे आणि दोर घासून तुटू नयेत म्हणून त्यांवर जुन्या रबरी नळीचे तुकडे चढवायचे. आणि शेवटचे काम, सर्वांत अवघड: घराला पाठ दाखवून मुलाबाळांसह जमिनीवरच्या पक्क्या इमारतीत जायचे.

हे शेवटचे काम किती मोलाचे, ते ग्रेनाडाने दाखवले. १९५५ च्या ‘जॅनेट’ वादळानंतर जवळजवळ ४९ वर्षे तिथे तेवढे मोठे वादळ आले नव्हते. ‘इथे काही येत नाही’ असे लोक धरून चालले होते. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘इव्हान’ आले. आसऱ्याला आलेल्या नौका एकमेकींवर आदळल्या, दहापैकी नऊ घरांची पडझड झाली आणि जायफळाच्या बहुतेक बागा आडव्या झाल्या. जायफळाचे झाड धरायला किती वर्षे लागतात, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगायला नको.

पुढे १ जुलै २०२४ रोजी, हंगाम लागून जेमतेम महिना झालेला असताना, ‘बेरिल’ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळले. तिथल्या कांदळवनात दोर बांधून ठेवलेल्या कितीतरी नौकांचा चुराडा झाला. दोर पक्के होते, नांगर होते, तरीही. अशा वेळी जो नौका सोडून वेळेवर किनाऱ्यावर गेला, त्याचे घर गेले तरी कुटुंब राहिले.

बंधु-भगिनींनो, उभे पीक, गोठ्यातली जनावरे, छपराखालचा संसार सोडून निघणे आपल्यालाही जड जाते. म्हणूनच निघायचे केव्हा, हे वारा सुटल्यावर ठरवू नये. कोणाच्या पक्क्या घरी जायचे, सातबारा आणि शिधापत्रिका कुठे ठेवायच्या, म्हाताऱ्यांना कोणी हाताशी धरायचे, जनावरांचे दावे कोणी सोडायचे, हे वैशाखातच घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. पाण्यावर राहणारी ती माणसेही मे महिन्यात हेच करतात.