सूर्याच्या स्फोटाचा स्पीड कसा मोजतात?

सूर्य कधीकधी अब्जावधी टन प्लाझ्मा अवकाशात फेकतो. याला म्हणतात कोरोनल मास इजेक्शन, थोडक्यात सीएमई. १९९५ मध्ये सोडलेल्या सोहो यानावरचा कॅमेरा सूर्याची चकती झाकून भोवतालचे फोटो काढत राहतो. समजा, १२ मिनिटांत सीएमईची पुढची कड ७ लाख किमी सरकली, तर स्पीड झाला सेकंदाला साधारण ९७० किमी. पृथ्वी १५ कोटी किमी दूर, म्हणजे हाताशी जेमतेम दोन दिवस!

पण गोची अशी की फोटो सपाट असतो. थेट आपल्याकडे येणारा ढग फक्त चहूबाजूंनी फुगताना दिसतो. पुढे येण्याचा खरा वेग त्यातून नीट कळत नाही. म्हणून नासाने २००६ मध्ये स्टिरिओची दोन यानं सोडली, बाजूने बघायला. अंदाज चुकला, तर सॅटेलाइट, जीपीएस आणि पॉवर ग्रिड सांभाळायला वेळच उरत नाही.