भाडेकरूच घर विकत मागतो तेव्हा

शेतकरी बंधूंनो, तालुक्याच्या गावी वडिलांनी बांधलेले दोन खोल्यांचे घर आहे. त्यात वीस वर्षांचा जुना भाडेकरू. यंदा विहीर खोल करायला पैसा हवा, आणि नेमका तोच म्हणतो, "अण्णा, घर मलाच देऊन टाका." हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो.

आधी भाड्याचा हिशेब मांडा. समजा, महिना १,२०० रुपये. वर्षाचे झाले १४,४००. त्यातून घरपट्टी आणि डागडुजी वजा जाता हाती काय राहते ते पाहा. भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जेथे लागू आहे तेथे मालकाला दरसाल चार टक्के वाढ घेता येते. पण भिडेपोटी ती मागतो कोण?

किमतीची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. भाडेकरूसह घर त्रयस्थाला विकायचे तर तो भाव पाडूनच मागणार, कारण ताबा मिळवायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागेल. भाडेकरूला ती अडचण नाही. त्याच्या दृष्टीने घर रिकामेच आहे. म्हणून रिकाम्या घराचा भाव आणि भाडेकरूसह घराचा भाव, दोन्ही काढा. योग्य किंमत या दोहोंच्या मधे कोठेतरी बसते. पहिल्या आकड्यालाच मान डोलावू नका.

घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. मिळकत पत्रिकेवर कोणाची नावे आहेत ते पाहा, आणि बहिणीला सहीच्या दिवशी नव्हे, बोलणी सुरू होण्यापूर्वी विचारा. आमच्या घरी हे उशिरा सुचले. दोन दिवाळ्या ताई माहेरी आली नाही.

आणि विहिरीचे म्हणाल, तर आधी भूजल तपासणी करून घ्या. घर विकून खणलेल्या कोरड्या विहिरी मी पाहिल्या आहेत.

ठरलेच, तर पैसे बँकेमार्फत घ्या. अशा व्यवहारात २०,००० किंवा अधिक रोख घेतल्यास दंड होऊ शकतो. नफ्यावरील आयकराचे सल्लागाराला विचारा. विसारानंतर "आता भाडे कशाला?" असे भाडेकरू म्हणेल. साठेखताने मालकी जात नाही. खरेदीखत नोंदेपर्यंत भाडे चालू राहील, असे त्यातच लिहून घ्या, आणि दरमहा पावती देत जा.