तीन अभ्यासक, एक विषय, पाऊण तास

ऑक्टोबर १९९८मध्ये बीबीसी रेडिओ ४वर ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. मेल्विन ब्रॅग या लेखक-निवेदकाने तो २०२५पर्यंत चालवला. एक विषय, विद्यापीठांतले बहुधा तीन अभ्यासक आणि पाऊण तास गप्पा. नाट्यीकरण नाही, पार्श्वसंगीत नाही. कधी विषय कोरडा निघतो, तेही खरं.

रंग भरतो तो ‘हे आपल्याला कळलं कशावरून?’ या प्रश्नापाशी. सम्राट अशोकाचंच घ्या. कलिंगयुद्धानंतरचा त्याचा पश्चात्ताप आपल्याला ठाऊक आहे तो त्याच्याच तेराव्या शिलालेखामुळे. म्हणजे साक्षीदार खुद्द राजा! श्रीलंकेतल्या ‘महावंस’ ग्रंथात मात्र कलिंगयुद्धाचा उल्लेखच नाही. तिथे निग्रोध नावाच्या बालभिक्षूच्या उपदेशाने अशोक बौद्ध होतो. मग भरवसा कुणावर ठेवायचा? पाठ्यपुस्तकं हा पेच टाळून एकच गोष्ट सांगतात. जाणकार समोरासमोर बसले की तो टाळता येत नाही, आणि इतिहास कसा रचला जातो हे ऐकणाऱ्याला आपसूक दिसतं.

हजाराहून अधिक भाग झाले आहेत. ब्रिटिश उच्चारांना कान सरावायला थोडा वेळ लागेल. अशोकावरही एक भाग आहे. सुरुवात तिथून करा.