धुळीने सांगितलेली गोष्ट

परवा संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना डोळ्यात धुळीचा कण गेला. घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतींनी पदराचे टोक ओले करून तो काढला. कण दिसेनासुद्धा, पण डोळा तासभर चुरचुरत राहिला. हवेत नुसत्या तरंगणाऱ्या कणाने काय बिघडले असते? इजा झाली ती वेगामुळे. डोळा चोळता चोळता मला शनीकडे गेलेले 'कॅसिनी' यान आठवले. माझी स्कूटर ताशी चाळीस किलोमीटरने चालली होती. कॅसिनी शनीजवळून ताशी सुमारे १ लाख २४ हजार किलोमीटर वेगाने गेले होते!

हे यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील केप कॅनाव्हरलहून निघाले आणि २००४ च्या मध्यावर शनीपाशी पोहोचले. शनीची कडी म्हणजे सलग तबकडी नव्हे. बर्फाचे असंख्य तुकडे आणि बारीक धूळ यांचा तो फिरता पसारा आहे. तो ओलांडताना यानाने आपली चार मीटर व्यासाची अँटेना ढालीसारखी पुढे धरली.

गंमत अशी, की जिची एवढी धास्ती, तीच धूळ तपासणारे एक उपकरण यानावर होते. ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाले होते. त्याची युक्ती साधी होती. कण वेगाने येऊन धातूच्या पत्र्यावर आदळला, की त्याची क्षणात वाफ होते आणि त्यातले अणू-रेणू विद्युतभारित होतात. मग त्यांची जणू शर्यत लावायची. हलके आधी पोहोचतात, जड मागाहून. कोण केव्हा पोहोचला यावरून कण कशाचा होता ते कळते. म्हणजे ज्या वेगाने इजा व्हायची, तोच वेग इथे कामाला आला.

या धुळीने काय सांगितले? शनीचा एन्सेलॅडस नावाचा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा आहे. त्याच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून बर्फकण आणि वाफ यांचे फवारे उडतात, हे २००५ मध्ये दिसले. शनीचे बाहेरचे 'ई' कडे याच कणांचे बनलेले आहे. त्या कणांत चक्क मीठ सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. मीठ पाण्यात उतरते ते पाण्याचा खडकाशी संबंध आला की. बर्फाच्या कवचाखाली खारा समुद्र असल्याचा हा मोठा पुरावा ठरला.

२६ एप्रिल २०१७ रोजी कॅसिनी शनी आणि त्याची कडी यांमधल्या फटीत प्रथमच शिरले. पुन्हा अँटेनाची ढाल पुढे, त्यामुळे पृथ्वीशी बोलणे बंद. धुळीच्या माऱ्याची विद्युत नोंद शास्त्रज्ञांनी नंतर आवाजात रूपांतरित केली. ते ध्वनिमुद्रण मी ऐकले आहे. डिसेंबर २०१६ मधल्या एका फेरीच्या नोंदीत पत्र्यावर पावसाची सर यावी तसा ताडताड आवाज आहे. या फटीत मात्र अधूनमधून एखादाच 'टिक्'. वाट जवळजवळ मोकळी होती!

इंधन संपत आले होते. भरकटलेले यान एन्सेलॅडसवर आदळून पृथ्वीवरचे जंतू तिथे पोहोचू नयेत, म्हणून १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात सोडून देण्यात आले. तिथेच ते जळून गेले. त्याचा शेवटचा संदेश पृथ्वीवर यायला ८३ मिनिटे लागली. तो पोहोचला तेव्हा यान उरलेच नव्हते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. यानाने पाठवलेल्या जुन्या नोंदी चाळताना शास्त्रज्ञांना त्या बर्फकणांत फॉस्फेट आढळले. हे २०२३ मध्ये जाहीर झाले. फॉस्फरसशिवाय आपली हाडे बनत नाहीत आणि पेशीतला डीएनएही. तिथे जीवसृष्टी आहे असा याचा अर्थ नव्हे; पण तिला लागणाऱ्या शिध्यातला एक महत्त्वाचा जिन्नस त्या समुद्रात आहे.

आमच्या घरी रोज सकाळी धूळ झटकली जाते. हल्ली खिडकीतल्या उन्हाच्या कवडशात ती तरंगताना दिसली, की माझा हात क्षणभर थांबतो. कुठला कण कुठून आला असेल, कोण जाणे!