बोनेटखालची शिल्लक

व्होल्वो 240 ची स्टेशन वॅगन म्हणजे जवळपास 4.8 मीटर लांबीचा, सरळ रेषांचा, काटकोनी डबा. छप्पर थेट मागच्या दारापर्यंत नेलेलं. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत कित्येक कुटुंबांची पोरंबाळं, कुत्री, तंबू आणि आठवड्याचा बाजार या गाडीने वाहून नेला. आता हीच गाडी पाव मैलाच्या ड्रॅग स्ट्रिपवर उभी आहे असं समजा. रंग उडालेला, टपावर कॅरिअर, चाकांना कंपनीच्या साध्या झाकण्या. दिवा हिरवा होतो आणि ही तीस-पस्तीस वर्षांची म्हातारी शेजारच्या नव्याकोऱ्या स्पोर्ट्स कारला मागे टाकून निघून जाते. बाहेरून साधी आणि आतून जबरदस्त वेगवान अशा गाड्यांना मोटारवेडे लोक स्लीपर म्हणतात. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत त्यासाठी जुन्या व्होल्वो वॅगनवर अनेकांचा जीव आहे.

वॅगन हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. 1990 च्या दशकातली टाटा इस्टेट ज्यांना आठवते त्यांच्या डोळ्यांसमोर ही ठेवण लगेच येईल. 240 मात्र 1974 पासून 1993 पर्यंत बनत राहिली आणि तिच्या सगळ्या भावंडांसकट 28 लाखांहून जास्त गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या. यान विल्सगॉर्ड यांनी तिला रूप दिलं. अपघातात माणूस वाचावा आणि कडाक्याच्या थंडीत गाडी वर्षानुवर्षं चालावी या दोन हेतूंनी ती बांधली होती. वेग हा तिचा विषयच नव्हता.

मला या गाडीचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथेच. स्लीपर बांधणारा माणूस साध्या गाडीला बाहेरून ताकद चिकटवतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती ताकद पेलण्याची तयारी गाडीत आधीपासून पडून असते. टिकाऊपणासाठी इंजिनिअरांनी जिथे जिथे गरजेपेक्षा जास्त लोखंड घातलं, तिथे तिथे शिल्लक राहिली. बांधणारा ती शोधून वापरायला काढतो.

240 चं चार सिलिंडरचं इंजिन लाल रंगाच्या ओतीव लोखंडी ब्लॉकमुळे ओळखलं जातं. क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग, वर अॅल्युमिनियमचं हेड, एकच कॅमशाफ्ट, एकूण आठ व्हॉल्व्ह. बहुतेक आवृत्त्यांत टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही. नवा बेल्ट चढवायचा आणि पुढे निघायचं. बोनेटखालची जागाही ऐसपैस, कारण याच सांगाड्यात व्होल्वोने 260 या तिच्या भावंडाचं व्ही-6 आणि पुढे एका ओळीतलं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिनही बसवलं होतं. म्हणूनच अमेरिकेत कुणाला तिथे फोर्डचं किंवा शेव्हरोलेचं व्ही-8 उतरवायचं असेल, तर जागेचं गणित जुळतं.

हे लोखंड किती सोसतं हे व्होल्वोने स्वतःच दाखवून दिलं. रस्त्यावरची 240 टर्बो 155 अश्वशक्तीची होती. त्याच ब्लॉकवर बांधलेली शर्यतीची गाडी सुमारे 300 च्या घरात गेली आणि 1985 मध्ये जानफ्रांको ब्रांकातेल्ली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम यांनी तिच्यावर युरोपियन टूरिंग कार विजेतेपद मिळवलं. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या रॉबी फ्रान्सेविकने याच गाडीने ऑस्ट्रेलियातली टूरिंग कार स्पर्धा जिंकली. शर्यतीच्या इंजिनाचे आतले भाग वेगळे होते हे खरं, पण ब्लॉक तोच.

घरच्या गॅरेजातला ठरलेला मार्ग असा. अमेरिकेतल्या शेवटच्या काळातल्या साध्या 240 वॅगनमध्ये 114 अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं बी230 इंजिन असतं. भंगारात गेलेल्या व्होल्वो 740 किंवा 940 मधून टर्बोवालं बी230एफटी इंजिन काढायचं आणि इथे बसवायचं. दोन्ही एकाच घराण्यातली, त्यामुळे माउंटिंग जुळतात. आणि मग हवेचा खेळ सुरू होतो.

इंजिनाची ताकद पेट्रोलवर ठरते असं आपण म्हणतो, पण अडतं ते हवेपाशी. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं. ते जाळायला लागणारा ऑक्सिजन मात्र सिलिंडरमध्ये मावेल तेवढाच. टर्बो ही मर्यादा उठवतो. इंजिनातून बाहेर पडणारा, आठ-नऊशे अंश तापलेला धूर एका छोट्या पंख्यावर सोडतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा आत दाबतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत राहतो. जी उष्णता सायलेन्सरमधून वाया जाणार होती, तीच आता हवा भरायच्या कामाला लागते.

पण हवा दाबली की तापते. बाहेर 27 अंश तापमान आहे आणि टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला असं धरा. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के मानली तर हवा साधारण 120 अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही ऑक्सिजन जेमतेम दीडपट मिळतो. हीच हवा इंटरकूलरमधून फिरवून 47 अंशांपर्यंत आणली की तो जवळपास 1.9 पट होतो. बंपरच्या मागे बसवलेली अॅल्युमिनियमची एक जाळी, जिच्यात हलणारा एकही भाग नाही, एवढा फरक पाडते! मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा चुकलाय असं वाटून पुन्हा करून पाहिला होता.

थंड हवेचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. स्पार्क प्लगजवळ पेटलेली ज्योत शिस्तीत पसरत जायला हवी. दाब आणि उष्णता फार वाढली, तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप भडकतं. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात, आणि ते वाढलं की पिस्टन फुटतो. म्हणूनच साध्या बी230 चं कॉम्प्रेशन 9.8 ला 1, तर टर्बोवाल्याचं 8.7 ला 1 ठेवलेलं असतं. ब्लॉकला कान लावून बसलेला एक सेन्सर नॉकिंगची खणखण ऐकतो आणि ठिणगीची वेळ मागे ढकलतो.

आत किती हवा शिरली हे इंजिनाला कळतं कसं? बॉशच्या यंत्रणेत हवेच्या वाटेवर केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार ताणलेली असते. तिच्यातून वीज सोडून तिला तापवतात. वाहती हवा तिला थंड करते, आणि ती पुन्हा तेवढीच तापवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन कळतं. इंजिन बंद केल्यावर ही तार क्षणभर लालभडक होते आणि स्वतःवर चिकटलेली घाण जाळून टाकते. बोनेट उघडं असेल तर इंजिन थांबल्यानंतरची ती हलकी टिक् ऐकू येते. जास्त हवेसाठी मोठे इंजेक्टर बसवले की कंट्रोल युनिटच्या चिपमधले आकडेही बदलावे लागतात. पूर्ण दाबाखाली मिश्रणात पेट्रोल मुद्दाम थोडं जास्त ठेवतात, म्हणजे ते वाफ होताना उष्णता शोषून घेतं.

आता कनेक्टिंग रॉड. सहा हजार आरपीएमला पिस्टन मिनिटाला सहा हजार वेळा वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. 80 मिलिमीटर स्ट्रोकच्या या इंजिनात वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दोन हजार पट होतं. पिस्टन अर्ध्या किलोचा धरला तर त्याला मागे खेचायलाच सुमारे एक टनाचं बळ लागतं. स्फोटाचा दाब त्याहून वेगळा. बी230 बाजारात आलं तेव्हा घर्षण आणि वजन कमी करायच्या नादात रॉड 9 मिलिमीटरवर आणले होते. काही वर्षांनी ते 13 मिलिमीटरचे झाले. चार मिलिमीटर म्हणजे दोन बांगड्यांची जाडी, पण जाणकार माणूस भंगारातलं इंजिन उचलण्याआधी त्याचं वर्ष विचारतो ते याचसाठी. जाड रॉडवाल्या इंजिनावर साधारण 300 अश्वशक्तीपर्यंत ही मंडळी निर्धास्त असतात.

पुढची साखळी पटकन सांगतो. क्लच सरकायला लागतो, तो बदलावा लागतो. जुना चार गिअर आणि ओव्हरड्राइव्हवाला गिअरबॉक्स एका मर्यादेनंतर हात टेकतो. मागचा अॅक्सल मात्र भक्कम, विशेषतः टर्बो गाड्यांमधला.

ब्रेकबद्दल मात्र कुणी हयगय करू नये. वेग 100 वरून 140 वर गेला की गाडीतली ऊर्जा जवळपास दुप्पट होते, आणि ती सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन उतरते. जाड, मधून हवा खेळणाऱ्या डिस्क आणि चांगले पॅड हा खर्च टर्बोच्या आधी करावा असं माझं ठाम मत आहे. इथेही जुन्या इंजिनिअरांनी शिल्लक ठेवलेली आहे. चारही चाकांना डिस्क, आणि ब्रेकच्या दोन्ही स्वतंत्र नळ्या पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एकेका चाकाला जोडलेल्या. एक नळी फुटली तरी पुढची दोन्ही चाकं धरतात. व्होल्वोने ही रचना 1966 मध्येच आणली होती.

स्वीडनमध्ये मोठे फेरबदल केलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी ती नीट तपासली जाते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केलं. हे वाचून कुणी घरच्या गाडीचं बोनेट उघडायला निघण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.

इतकं करून बाहेरून काहीच बदलायचं नाही, याला फार संयम लागतो. मोठा सायलेन्सर लावायचा मोह आवरायचा. डिकीतली, मागे तोंड करून बसायची मुलांची सीटही काढायची नाही. ती काढली की गाडीचा जीवच गेला असं मला वाटतं. या साधेपणाची गंमत व्होल्वोलाही कळत होती. 1994 च्या ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत व्होल्वोने चक्क 850 वॅगनच उतरवली, तेव्हा चमूने संचलनाच्या फेरीत मागच्या काचेआड कापसाने भरलेला मोठा कुत्रा बसवला होता. स्लीपरचा मोह मोठमोठ्यांनाही पडला. अभिनेते पॉल न्यूमन 1979 मध्ये ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत दुसरे आले होते. त्यांनी व्होल्वो 960 वॅगनमध्ये सुपरचार्जर लावलेलं फोर्डचं व्ही-8 बसवून घ्यायचं ठरवलं, आणि तुलाही एक हवी का, असं टीव्हीवरचा सूत्रसंचालक डेव्हिड लेटरमन याला फोन करून विचारलं. लेटरमननेही एक घेतली.