धुराची वाट आणि आकाशातील पहारा

धुराला देश नसतो आणि सरहद्दही नसते. ७ जून २०२३ रोजी न्यूयॉर्कचे आकाश भर दुपारी नारिंगी झाले, त्या वेळी आग त्या नगरीत लागलेली नव्हती. अरण्ये जळत होती ती शेकडो मैल उत्तरेस, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात. कमी दाबाच्या क्षेत्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांनी तो धूर दक्षिणेकडे लोटला आणि हवेच्या दूषणाचा निर्देशांक ४०० च्या पलीकडे गेला. ३०० नंतरची हवा अमेरिकेत ‘धोकादायक’ समजली जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे लक्षावधी नागरिकांनी त्या दिवशी काय श्वासावाटे घेतले, याची कल्पना येईल.

परंतु हे संकट अदृश्यपणे आले नव्हते. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासणारा ‘गोज-१६’ हा उपग्रह दर काही मिनिटांनी या धुराचे चित्र पाठवीत होता. ध्रुवांवरून फिरणारे दुसरे उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा येतात. पण ते अधिक जवळून व अधिक बारकाईने पाहतात. ही चित्रे जुळवून अमेरिकेतील शासकीय तज्ज्ञ धुराची व्याप्ती नकाशावर रेखाटतात आणि तो विरळ, मध्यम की दाट, हेही नोंदवितात. त्याला वाऱ्याच्या गणिताची जोड मिळाली, की उद्याचा धूर कोठे असेल, हे आज सांगता येते.

या विद्येच्या मर्यादाही विसरून चालणार नाही. उपग्रह वरून पाहतो. धूर पाच किलोमीटर उंचीवर तरंगत आहे की माणसाच्या नाकाशी आला आहे, हे केवळ छायाचित्रावरून नीट कळत नाही. ढग आड आले की दृष्टी खुंटते. रात्री आगीची धग दिसते, पण विरळ धूर दिसत नाही. म्हणून जमिनीवरील मापनयंत्रांवाचून आकाशातील डोळा अपुराच आहे.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून आम्हांस दूर सारता येणार नाही. पंजाब व हरियाणातील भाताचे खुंट जळतात आणि त्यांचा धूर दिल्लीकडे येतो. तेथील आगींची गणना बहुतांशी दुपारी दीडच्या सुमारास जाणाऱ्या उपग्रहांवर विसंबलेली आहे. त्यानंतर पेटविलेले शेत त्या गणनेतून सहज निसटते. आकडा उतरला म्हणजे धूर उतरला, असे मानणे हा आत्मवंचनेचाच प्रकार होय.

पाहणे आणि सावध करणे यांत अंतर आहे. धूर येणार हे शास्त्रज्ञाला आदल्या दिवशी कळले, पण रस्त्यावर राबणाऱ्या मजुराला, दम्याच्या रुग्णाला आणि शाळकरी मुलाच्या आईला ते खोकला सुरू झाल्यावर कळले, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? आकाशातील पहारेकऱ्याने आपले काम केले आहे. त्याची हाक घराघरांत पोहोचविणे, हे पृथ्वीवरील शासनाचे कर्तव्य आहे.